पेशीची भिंत, साबणाची वडी आणि एका लेकराचा प्रश्न

अकोल्याच्या जुन्या शहरातून एका भगिनीचे पत्र आले आहे. चार पानांचे पत्र. त्यातली तीन पाने घरची आहेत, ती आम्ही छापत नाही. पण चौथ्या पानावरचा प्रश्न फक्त त्यांच्या घरचा नाही, म्हणून या महिन्याचे सदर त्याच प्रश्नाला देत आहोत.

हकीकत थोडक्यात अशी. फेब्रुवारी २०२१ मध्ये हे कुटुंब अमरावतीला एका शादीला गेले होते. परतल्यावर त्यांच्या मुलाला दोन दिवस सर्दी-ताप आला आणि गेला. तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. आठवडाभराने त्याचे दादाअब्बा आजारी पडले. मार्चच्या पहिल्या आठवड्यात सरकारी दवाखान्यात त्यांचा इंतेकाल झाला. मुलगा आता आठवीत आहे. विज्ञानाच्या पुस्तकात पेशीचा धडा आला. पेशीभोवती प्रद्रव्यपटल असते, ते काही पदार्थांना आत सोडते, काहींना अडवते, असे त्यात लिहिले आहे. रात्री जेवताना पोराने विचारले, "अम्मी, पेशीला जर पहारा असतो, तर दादाअब्बांच्या पेशीत विषाणू शिरला कसा? आणि तो मीच आणला होता ना?"

भगिनी लिहितात, "पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला येत नाही. दुसऱ्याचे देववत नाही."

आम्ही दोन्हींची उत्तरे द्यायचा प्रयत्न करतो. पहिले नीट समजले की दुसरे सोपे होते.

भिंत कशाची असते?

स्वयंपाकघरातूनच सुरुवात करू. सालन गॅसवर असते तेव्हा वर तर्री तरंगते. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, हे प्रत्येक घरात माहीत आहे. पेशीची भिंत याच स्वभावावर उभी आहे.

या भिंतीतल्या स्निग्ध पदार्थांना लिपिड म्हणतात. त्यांच्या प्रत्येक कणाला एक डोके आणि दोन शेपट्या असतात. डोक्याला पाणी आवडते, शेपट्यांना पाणी नको असते. असे कोट्यवधी कण पाण्यात सोडले तर ते आपोआप दोन थरांत रचले जातात. डोकी बाहेर पाण्याकडे राहतात आणि शेपट्या आत एकमेकींकडे वळतात. कोणी बांधावे लागत नाही. ही भिंत साधारण ५ नॅनोमीटर जाडीची असते. आपला केस तिच्या दहा हजार पटींहून जाड भरेल.

भिंत दोन थरांची आहे हे १९२५ मध्ये हॉलंडमधल्या गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोघा शास्त्रज्ञांनी दाखवले. त्यांनी रक्तातल्या तांबड्या पेशींमधले लिपिड काढून पाण्यावर पसरवले. तो पसारा पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरला. म्हणजे भिंतीत लिपिडांचे दोन थर असणार. इतका साधा हिशेब होता.

पण नुसत्या लिपिडांची भिंत बंद डब्यासारखी होईल. साखर, मीठ, पाणी यांना आत-बाहेर जायला वाट हवी. ही वाट देतात प्रथिने. भिंतीत ती ठिकठिकाणी रुतलेली असतात. काही प्रथिने दार होतात, काही पंप होतात, काही बाहेरचा निरोप ऐकून आत कळवतात. ज्यांना शुगर आहे त्यांनी इन्सुलिनचे नाव ऐकलेलेच असते. इन्सुलिन पेशीत शिरत नाही. ते भिंतीतल्या एका प्रथिनाला येऊन चिकटते, आणि ते प्रथिन आत निरोप पोहोचवते की साखरेची दारे उघडा. बऱ्याच पेशींच्या भिंतीत वजनाने जवळपास निम्मा भाग प्रथिनांचाच असतो.

ही भिंत विटांसारखी घट्ट नसते, तेलासारखी वाहती असते. लिपिड जागा बदलत राहतात आणि अनेक प्रथिने त्यांच्यात तरंगत सरकतात. सिंगर आणि निकोल्सन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये हे चित्र मांडले. आजही शाळेत तेच शिकवतात, फक्त त्यात भर पडत गेली आहे.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. प्रथिन आणि लिपिड हे शेजारी एकमेकांवर अवलंबून असतात. प्रथिनाचा जो पट्टा भिंतीत बसतो, तो स्वतःही तेलकट स्वभावाचा असतो, म्हणून तो तिथे टिकतो. भोवतीचे लिपिड फार घट्ट झाले तर प्रथिनाला हलता येत नाही, दार नीट उघडत नाही. फार पातळ झाले तर भिंत गळू लागते. थंडीत वऱ्हाडातल्या कोणत्याही घरी पाहा. सकाळी तुपाचा डबा गोठलेला असतो आणि करडईचे तेल बाटलीत वाहतेच असते. तुपातल्या बऱ्याच शेपट्या सरळ असतात, त्या एकमेकींना चिकटून बसतात. करडईच्या तेलातल्या शेपट्या वाकड्या असतात, त्या नीट रचल्या जात नाहीत. पेशी आपल्या भिंतीत दोन्ही प्रकार मापात ठेवते. शिवाय मध्ये कोलेस्टेरॉल घालते, म्हणजे भिंत गळतही नाही आणि ताठरही होत नाही. ज्या कोलेस्टेरॉलच्या नावाने आपण घाबरतो, त्याच्याशिवाय आपली एकही पेशी उभी राहणार नाही. रक्तात त्याचे प्रमाण वाढणे ही वेगळी गोष्ट, तिची काळजी घ्यावीच लागते.

मग विषाणू शिरला कसा?

आता पोराचा प्रश्न. पहारा होता, तरी विषाणू आत गेला. कारण त्याने भिंत फोडली नाही. आपल्याच भिंतीचा तुकडा पांघरून तो आला होता.

कोरोनाचा विषाणू साधारण १०० नॅनोमीटरचा असतो. त्याच्या बाहेर लिपिडांचे आवरण असते, आणि ते त्याने स्वतः बनवलेले नसते. मागच्या माणसाच्या पेशीतून बाहेर पडताना त्या पेशीच्या आतल्या पडद्याचा तुकडा तो गुंडाळून घेतो. या आवरणावर स्वतःची काट्यासारखी प्रथिने रोवतो. त्यांना स्पाइक म्हणतात. एका विषाणूवर ती सरासरी दोन डझनांच्या आसपास असतात.

आपल्या नाकाच्या आणि फुप्फुसाच्या पेशींवर एसीई-टू नावाचे एक प्रथिन असते. रक्तदाब ताब्यात ठेवणे हे त्याचे काम. स्पाइक नेमके त्यालाच जाऊन चिकटते. मग पेशीच्याच भिंतीतले दुसरे एक प्रथिन, जे कात्रीचे काम करते, स्पाइकला एका ठिकाणी कापते. कापले की स्पाइकच्या आत दडलेला एक तेलकट तुकडा मोकळा होतो आणि पेशीच्या लिपिडांत रुततो. मासे धरणारा गळ पाण्यात टाकतो तसाच हा प्रकार. गळ रुतला की स्पाइक मधोमध दुमडते आणि दोन्ही भिंती, विषाणूची आणि पेशीची, एकमेकींजवळ ओढते.

दोन भिंती आपण होऊन एकत्र येत नाहीत. मध्ये पाण्याचा पातळ थर असतो, तो हटवायला जोर लागतो. तो जोर प्रथिनाच्या दुमडण्यातून येतो. एकदा थर हटला की लिपिड आपल्या स्वभावाप्रमाणे वागतात. सालनावर तर्रीचे दोन गोल चिकटून एक होतात, तसे दोन्ही पडदे एक होतात. विषाणूच्या पोटातला मजकूर पेशीत उतरतो. पहारेकऱ्याला कळतही नाही, कारण त्याच्या नजरेला दोन्ही भिंती सारख्याच.

याच रीतीने आपले शरीरही रोज काम करते. इन्सुलिनच्या पिशव्या पेशीबाहेर रिकाम्या होतात, एक नस दुसरीला निरोप देते, ते सगळे असेच पडदे जुळून होते. पिशव्यांची ही वाहतूक कशी चालते हे शोधणाऱ्या रॉथमन, शेकमन आणि झ्युडहोफ यांना २०१३ चे नोबेल मिळाले. विषाणूने आपल्याच घरची रीत वापरली.

अमरावतीला नेमके काय घडले?

आता आपल्या वऱ्हाडाकडे येऊ. जानेवारी २०२१ मध्ये देशभर रुग्ण कमी झाले होते. १६ जानेवारीला लसीकरणही सुरू झाले. लोकांना वाटले, संकट टळले. लग्ने लागली, बाजार भरले. आणि फेब्रुवारीत अमरावतीचे आकडे अचानक चढू लागले, पाठोपाठ अकोला आणि आजूबाजूचे जिल्हे. २२ फेब्रुवारीच्या रात्रीपासून अमरावती आणि अचलपूर शहरांत आठवडाभराचे लॉकडाऊन लागले. बाकी देशात तेव्हा बरेचसे मोकळे होते. कित्येक लोक म्हणत होते की अमरावतीवाल्यांनी काळजी घेतली नाही.

कारण नंतर कळले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने महाराष्ट्रातले नमुने तपासले तेव्हा त्यात विषाणूचे एक नवे घराणे आढळले. त्याचे नाव बी.१.६१७. २४ मार्च २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितले की महाराष्ट्रातल्या नमुन्यांत दोन विशेष बदल असलेला विषाणू वाढतो आहे. वर्तमानपत्रांनी त्याला 'डबल म्युटंट' म्हटले. त्याच घराण्याच्या एका शाखेला जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे रोजी 'डेल्टा' हे नाव दिले. तोवर ती लाट देशभर पसरली होती. पुढे जगभर गेली.

या घराण्यात काय वेगळे होते? स्पाइक हे १२७३ मण्यांच्या माळेसारखे आहे. त्यातला ६८१ क्रमांकाचा मणी बदलला होता. प्रोलीनच्या जागी आर्जिनीन आले. ही जागा स्पाइकवरच्या आणखी एका कापाच्या अगदी शेजारी आहे. तो काप विषाणू पेशीत तयार होतानाच बसतो आणि पुढच्या स्वारीसाठी स्पाइकला तयार ठेवतो. बदलामुळे तो काप अधिक सहज बसू लागला आणि पडदे जुळणे सोपे झाले. प्रयोगशाळेत तर असे दिसले की डेल्टाने पछाडलेल्या पेशी शेजारच्या पेशींनाही आपल्यात मिसळून घेतात. दुसरे काही बदल एसीई-टूला धरण्याच्या भागात होते. माळेतले दोन-चार मणी बदलले आणि घराघरांत जनाजे उठले.

दादाअब्बांच्या श्वासाचे काय झाले, तेही सांगतो. फुप्फुसात हवेचे कोट्यवधी छोटे फुगे असतात. ते आतून ओलसर असतात, आणि ओला पृष्ठभाग आक्रसतो. फुगे मिटू नयेत म्हणून काही खास पेशी लिपिड आणि प्रथिनांचे एक पातळ लेपन तयार करतात. लिपिड ताण कमी करतात, प्रथिने त्यांना पृष्ठभागावर नीट पसरवतात. एकाला दुसऱ्याशिवाय ते जमत नाही. हे लेपन बनवणाऱ्या पेशींवरच एसीई-टू असते, म्हणून विषाणूने त्यांनाच गाठले. पेशी मेल्या, लेपन कमी पडले, फुगे मिटले, त्यांत पाणी भरले. ऑक्सिजन लावूनही रक्तापर्यंत पोहोचेना. दवाखान्यात रुग्णांना पालथे झोपवत होते ते पाठीकडचे फुगे उघडावेत म्हणून. नातेवाइकांना वाटे, आमच्या माणसाला असे का टाकले आहे? तो उपचारच होता.

वेळेआधी जन्मलेल्या बाळांनाही याच लेपनाचा तुटवडा असतो. म्हणून लवकर बाळंतपण होण्याची चिन्हे दिसली की डॉक्टर आईला आधीच एक इंजेक्शन देतात. ते बाळाच्या फुप्फुसासाठी असते. सुनेला, लेकीला ते सांगितले तर नकार देऊ नये.

साबण काय करतो?

साबणाच्या कणालाही एक डोके आणि एक शेपटी असते. एक टोक पाण्याकडे, दुसरे तेलाकडे. पायाची देगची नुसत्या पाण्याने निघत नाही, साबण लावला की चरबी सुटते, ती याचमुळे. हातावरच्या विषाणूचे आवरणही चरबीचेच. साबणाच्या शेपट्या त्यात पाचरीसारख्या घुसतात, आवरण फाटते, स्पाइक विखुरतात. विषाणू संपतो. त्याला वीस सेकंद लागतात, म्हणून घाई करू नये.

मग साबणाने आपल्या पेशी का फाटत नाहीत? कारण कातडीचा सगळ्यात वरचा थर मृत पेशींचा असतो. तो ढालीसारखा सगळे सोसतो. डोळ्यांना असा थर नाही, म्हणून साबण गेला की झोंबते.

वुजूने हात-तोंड दिवसातून पाच वेळा धुतले जातात, ही मोठीच सवय आहे. पण वुजू साध्या पाण्याने होतो, आणि साधे पाणी चरबीचे आवरण फाडत नाही. आजाराच्या दिवसांत वुजूआधी साबणाने हात धुवावेत आणि वुजूखान्यात साबणाची वडी ठेवावी. काही विषाणूंना, जसे पोलिओ किंवा जुलाबाचा रोटा, चरबीचे आवरणच नसते. साबण त्यांना मारत नाही, पण वाहून नेतो. सॅनिटायझर त्यांच्यावर तितकेसे चालत नाही. म्हणून जेवणाआधी आणि शौचानंतर साबण-पाणीच हवे.

आता दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर

बेटा, आता हे तुझ्यासाठी.

त्या फेब्रुवारीत तो विषाणू अमरावतीत किती पसरला आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्याच्याबद्दल सरकारने सांगितले ते २४ मार्चला, तुझे दादाअब्बा गेल्यानंतर. साठीवरच्या लोकांना लस मिळू लागली १ मार्चपासून. तेव्हा ते दवाखान्यात होते. जे मोठमोठ्या शास्त्रज्ञांना माहीत नव्हते, ते नऊ वर्षांच्या मुलाला कसे माहीत असणार?

दुसरे असे, की हा आजार लक्षणे दिसण्याआधीच पसरतो. शादीत शेकडो माणसे होती. दादाअब्बा स्वतः तिथे होते, लोकांना गळाभेट देत होते, बाजारात आणि मशिदीतही जात होते. तुझा ताप कोरोनाचा होता की साधा, याची तपासणीही झाली नव्हती. विषाणू कोणाकडून कोणाकडे गेला हे आज कोणीही सांगू शकत नाही. कोणी सांगत असेल तर तो अंदाज सांगतो आहे.

तू दोन दिवसांत बरा झालास आणि ते झाले नाहीत, यातही तुझा दोष नाही. लहान मुलांच्या नाकातली पहिली संरक्षणफळी जास्त तत्पर असते, हे अभ्यासांत दिसले आहे. म्हाताऱ्या माणसाची, त्यातही तुझ्या अम्मीने लिहिल्याप्रमाणे शुगर असलेल्या माणसाची, तशी नसते. दोघांना एकच विषाणू मिळाला असता तरी निकाल वेगळा लागला असता.

आणि भगिनी, आपल्याला एक सांगायचे आहे. आपण उत्तर देण्याचे टाळलेत आणि पोराने त्या गप्प राहण्याचा अर्थ 'हो' असा घेतला. आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत २०२१ चा विषय असाच बंद आहे. कोणी शादीला गेले म्हणून, कोणी वेळेवर दवाखान्यात नेले नाही म्हणून, भावाभावांत बोलणे नाही. आज मुलाला जवळ घेऊन साफ सांगा की दोष त्याचा नव्हता. एकदा पुरत नाही, दोन-तीनदा सांगावे लागते. त्यानंतरही तो नीट झोपत नसेल, अभ्यासात लक्ष लागत नसेल, तर मनाच्या डॉक्टरांकडे न्यायला संकोच करू नका.

तिसरी गोष्ट, जी आपण सहज लिहिली

पत्राच्या शेवटी आपण एक ओळ लिहिली आहे, "लहान मुलगी अडीच वर्षांची, तिचा गोवराचा दुसरा डोस राहिला, सासूबाई नको म्हणतात." आम्हांला सगळ्यात जास्त काळजी याच ओळीची वाटली.

गोवराचा विषाणूही असाच आहे. त्यालाही चरबीचे आवरण, त्यावरही पडदे जुळवणारे प्रथिन. तो तर पेशींना एकमेकींत मिसळून मोठमोठ्या पेशी बनवतो. हवेतून पसरण्यात तो कोरोनाच्याही पुढे आहे. शिवाय शरीराने आधीच्या आजारांशी लढून जी स्मृती साठवली असते, तिचा मोठा भाग पुसून टाकतो. म्हणून गोवरानंतर मुले न्यूमोनियाने, जुलाबाने दगावतात. २०२२ मध्ये मुंबईच्या गोवंडीत, भिवंडीत आणि मालेगावात गोवराची साथ आली, त्या साथीत मुले गेली. त्या वस्त्या आपल्याच लोकांच्या होत्या, आणि लस न घेतलेली मुले तिथे पुष्कळ होती. २०१८ च्या गोवर-रुबेला मोहिमेत उठलेल्या अफवांची किंमत कोणी मोजली, हे तिथे दिसले.

गोवर-रुबेलाच्या लशीत कमजोर केलेला विषाणू असतो. तो शरीराला त्या प्रथिनांची ओळख करून देतो. पुढे खरा विषाणू आला की प्रतिपिंडे त्या प्रथिनांना आधीच जखडून टाकतात. गळ टाकायच्या आत हात धरल्यासारखे होते, मग पडदे जुळत नाहीत. पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. राहिला असेल तर पाच वर्षांपर्यंत देता येतो, म्हणजे आपल्या मुलीची वेळ गेलेली नाही. सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो.

सासूबाईंना रागाने सांगू नका. त्यांनी आपला माणूस गमावला आहे, दवाखान्याचे नाव काढले की त्यांना तेच दिवस आठवत असतील. आठवीतल्या नातवालाच सांगू द्या. तर्रीचे दोन गोल कसे एक होतात, विषाणू गळ कसा टाकतो, लस हात कसा धरते, हे तो दादीला आपल्यापेक्षा चांगले समजावेल. आणि डोसच्या दिवशी बहिणीला घेऊन त्याला सोबत जाऊ द्या. एका लेकराने पाच वर्षे मनात ठेवलेले ओझे उतरायला याहून चांगली जागा आम्हांला सुचत नाही.

डोस झाला की दोन ओळी कळवा. आम्ही वाट पाहतो.